आजीची अठरा दिवसांची रजा

स. न. वि. वि.

मी ६४ वर्षांची आहे. डोंबिवली पूर्वेला आमचा टू-बीएचके आहे. त्यात आम्ही सहा जण राहतो: मी, आमचे हे, मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू. हे बँकेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तब्येत देवाच्या दयेने ठणठणीत आहे. मुलगा लोअर परळला नोकरीला. सून ऐरोलीला आयटी कंपनीत. तिला आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून काम.

सून वाईट नाही, हे आधीच लिहिते, नाहीतर लोक भलतंच समजतील. माझ्या वाढदिवसाला तिने स्वतः जाऊन साडी आणली. गुडघे दुखतात म्हटल्यावर मसाजचं यंत्र मागवलं. ते लावून बसायला मला वेळ कुठे आहे, हे मात्र कोणी विचारलं नाही.

पाचला उठते. तीन डबे, नाश्ता, नातीची व्हॅन. मग नातवाला बालवर्गात सोडायचं, साडेबाराला आणायचं, भरवायचं, झोपवायचं. तीनला नात येते, तिचा अभ्यास, क्लास. मध्ये दिवसभर पार्सलवाल्यांची बेल. मग रात्रीचा स्वयंपाक. साडेआठला मुलगा येतो आणि म्हणतो, ‘आई, तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत.’ आधी हे ऐकलं की बरं वाटायचं. हल्ली पोटात गोळा येतो. सुनेने दोन वर्षांपूर्वी पोळ्यांना बाई लावू म्हटलं होतं, मीच नको म्हटलं. ह्यांना बाईच्या हातच्या पोळ्या चालत नाहीत.

आता खरा प्रश्न. आमचं भजनी मंडळ यंदा कार्तिकी एकादशी झाली की बसने नर्मदा परिक्रमेला निघणार आहे. अठरा दिवस. मी भिशीचे पैसे बाजूला ठेवले आहेत. पहिला हप्ता गणपतीच्या आधी भरायचा आहे. ह्यांच्या कानावर घातलं तर म्हणाले, ‘आधी मुलांच्या परीक्षा बघ.’ शिवाय तुळशीचं लग्न माझ्या मागे कोण लावणार? शेजारणीला बोलले तर ती म्हणाली, ‘नातवंडांना कंटाळलेली आजी पहिल्यांदाच बघितली.’ तिची नातवंडं न्यू जर्सीला असतात. त्या दिवसापासून मला झोप नाही. कधी वाटतं, फ्लॅट ह्यांच्या नावावर आहे, एकदा तसं बोलून दाखवावं. मग स्वतःचीच लाज वाटते. मी स्वार्थी झाले आहे का?

— एक आजी, डोंबिवली

ताई,

प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलात, उत्तर मी पहिल्याच ओळीत देते. नाही, तुम्ही स्वार्थी नाही. पैसे भरा आणि जा. आता उरलेलं बोलू, कारण खरी मेख जायचं की नाही यात नाहीच. घरात हे सांगायचं कसं आणि तुमच्या मागे कोण काय करणार, यात ती आहे.

आधी शेजारणीचं मिटवू. तिची नातवंडं मोबाइलच्या काचेपलीकडे आहेत. तुमच्या घरातला कलकलाट तिला भिंतीतून ऐकू येतो आणि तो तिला हवाहवासा वाटतो. बोलली ती स्वतःच्या दुःखाने, लागलं तुम्हाला. उत्तर देऊ नका आणि मनालाही लावून घेऊ नका. उलट तुम्ही गावाला गेलात की नातीला संध्याकाळी तासभर तिच्याकडे अभ्यासाला बसवता येईल का, ते विचारा. ती नाही म्हणणार नाही, असा माझा अंदाज आहे.

फ्लॅटचं वाक्य मात्र मनातच राहू दे. ते एकदा तोंडातून गेलं की पुढे प्रत्येक भांडणात हजेरी लावतं. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ सालचा कायदा आहे. त्यात मुलांकडे निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर मुलाच्या नावावर केलेलं घर, मुलाने अट पाळली नाही तर, परतही मागता येतं. ज्यांचे घरात हाल होतात त्यांनी तो जरूर वापरावा, प्रांताच्या कचेरीत अर्ज करावा. तुमच्या घरी हाल नाहीत. तुमच्या घरी तुम्हाला गृहीत धरलं जातं, आणि त्यावर कुठल्या कचेरीत इलाज होत नाही. तो जेवणाच्या टेबलावरच करावा लागतो.

तुम्हाला नातवंडांचा कंटाळा आलेला नाही. पत्रात त्यांच्याबद्दल एकही कडवट शब्द नाही. तुमची अडचण अशी की ज्या नोकरीवर कोणी कधी नेमलंच नाही, तिच्यात रजा कोणाकडे मागायची हे ठाऊक नाही.

हे झालं कसं, ते आठवून बघा. नातवाच्या वेळी सुनेला सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळाली असणार. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी कायद्यानेच तेवढी मिळते. सत्ताविसाव्या आठवड्यात काय झालं? कोणी बसून ठरवलं का, की सकाळी आठ ते रात्री आठ बाळ कोणाकडे, शनिवारी कोणाकडे, आजी आजारी पडली तर कोणाकडे? बहुतेक घरांत असं काही ठरत नाही. सून एका सोमवारी पर्स घेऊन निघते, आजी बाळाला कडेवर घेऊन दारात टाटा करते, आणि व्यवस्था लागली असं सगळे समजतात. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. फक्त विचारायचं राहून जातं, आणि एकदा राहिलं की पुढे विचारणं विचित्र वाटायला लागतं.

त्याच कायद्याने पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या कंपनीवर पाळणाघराची सोय करण्याचं बंधन आहे, आईला दिवसातून चारदा मुलाकडे जाण्याची मुभाही आहे. कागदावर छान आहे. पण डोंबिवलीच्या फलाटावरून सकाळच्या गर्दीत चार वर्षांचं पोर घेऊन चढायचं, ठाण्याला उतरून ऐरोलीची गाडी पकडायची, आणि संध्याकाळी हेच उलट. कुठली आई करेल? तरी सुनेला कंपनीत विचारायला सांगा. काही ठिकाणी घराजवळच्या पाळणाघराचा खर्च कंपनी उचलते. तुमच्या बाजूला चांगली पाळणाघरं शोधायला लांब जावं लागणार नाही.

आता ज्या माणसाबद्दल तुम्ही सगळ्यात कमी लिहिलंय, त्यांच्याकडे येऊ.

फ्लॅटची ओळ सोडली तर पत्रात तुमचे यजमान तीन ठिकाणी येतात. ते निवृत्त आहेत आणि ठणठणीत आहेत. त्यांना बाईच्या पोळ्या चालत नाहीत. आणि त्यांना मुलांच्या परीक्षांची काळजी आहे. पाच ते साडेआठच्या तुमच्या दिवसात ते कुठेच नाहीत. तुम्ही मुलावर नाराज आहात, सुनेबद्दल जपून लिहिताय, शेजारणीमुळे झोप उडवून घेतली आहे. आणि दिवसभर त्याच घरात असलेला, हातपाय धड असलेला माणूस तुम्ही हिशेबातच धरलेला नाही. मला यात तुमचा दोष दिसत नाही. आपल्याकडे बायकांना ही सवयच लागते. घरात मदत लागली की नजर सुनेकडे जाते, मुलीकडे जाते, कामाच्या बाईकडे जाते. आरामखुर्चीकडे जात नाही.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोक आपला दिवस कसा घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ८८. हे फक्त घरकाम. मुलाबाळांची देखभाल पाहणीत वेगळी मोजली आहे. आणि ८८ हा आकडाही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचाच आहे. तुमच्या घरी तो किती, हे मी विचारत नाही. तुम्ही मात्र एक दिवस घड्याळ लावून बघा.

बरं, परीक्षांची सबब बघा. सहामाही परीक्षा दिवाळीच्या सुटीआधी उरकते. कार्तिकी एकादशी येते दिवाळी झाल्यावर. त्या वेळी नातीची दुसरी सत्र-पुस्तिका नुकती उघडलेली असेल, आणि नातू तर बालवर्गात आहे, त्याची परीक्षा म्हणजे रंग ओळखणं. यजमानांना हे वेळापत्रक ठाऊक नाही, यावरूनच त्या घरात अभ्यास कोण घेतं ते कळतं. मला वाटतं, परीक्षेच्या आडून ते दुसरंच काही म्हणत आहेत. लग्नानंतर तुम्ही सलग अठरा दिवस त्यांना सोडून कधी गेला होतात? माहेरपणाला, बाळंतपणाला, बस्स. ते घाबरले असतील. चहाची पावडर कुठल्या डब्यात आहे हे माहीत नसलेल्या माणसाला तशी भीती वाटणारच. त्यांना थोडा धीर द्या, सूट देऊ नका.

आणि आजपासून द्या, कार्तिकाची वाट बघू नका. येत्या सोमवारपासून नातीची व्हॅन आणि नातवाचा बालवर्ग, सोडणं आणि आणणं दोन्ही, त्यांच्याकडे. पार्सलंही त्यांच्याकडे. ज्यांनी उभी हयात रोकड जुळवण्यात घालवली त्यांना चार आकडी ओटीपी जड जाणार नाही. हवं तर वहीत नोंद ठेवतील, कोणाचं पार्सल, कधी आलं. बँकेतल्या माणसाला वही दिली की तो खूश असतो. पहिल्या आठवड्यात नातू दुसऱ्याच मुलाची पाण्याची बाटली घेऊन घरी येईल. येऊ दे. दुपारी वरणभाताऐवजी बिस्किटांवर झोपेल. झोपू दे. तुम्ही मध्ये पडून ‘द्या इकडे, मीच करते’ म्हणालात, तर ते काम जन्मभरासाठी तुमच्याकडे परत आलं म्हणून समजा.

मात्र ‘मला जरा मदत करा’ असं म्हणू नका. मदत म्हटली की काम तुमचंच राहतं आणि त्यांचे उपकार होतात. ‘साडेबाराचं आणणं तुमचं’ एवढंच पुरे.

इथे तुम्हालाही एक सांगायचं आहे, जरा खटकेल. पोळ्यांच्या बाईला तुम्ही नको म्हणालात. सुनेला तुमचा भार दिसला होता, तिने उपाय आणला होता, पैसे ती देणार होती, आणि तुम्ही ह्यांच्या जिभेसाठी तो परत पाठवलात. मसाजच्या यंत्राचंही तसंच. तुम्ही तिला गुडघा सांगितलात, तिने गुडघ्यावरचं औषध आणलं. थकले आहे, दुपारी दोन तास मला कोणीही हाक मारू नका, असं तुम्ही सांगितलंत का? मनातलं ओळखून घ्यावं ही अपेक्षा आपल्या पिढीची. या मुलींना सरळ सांगितलेलं कळतं आणि बहुतेकदा त्या ते करतातही. तेव्हा बाईला बोलवा. सहा जणांच्या पोळ्या, सकाळच्या आणि रात्रीच्या, म्हणजे तुमच्या गुडघ्यांचा रोजचा तासदीड तास ओट्यापाशी जातो. ह्यांना पोळी जाड लागली तर त्यांनी भाकरी शिकावी. तीही घरात आवडते ना?

घरून काम असलेल्या दोन दिवसांबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाहीत, पण मला शंका आहे की तेच दोन दिवस तुम्हाला सगळ्यात जड जातात. सून ऑफिसला गेली की नातवाला कळतं, आई गेली. ती घरातच दाराआड असली की तो दर पाच मिनिटांनी दार वाजवतो, आणि त्याला गप्प ठेवण्याचं काम तुमच्याकडे येतं. टीव्हीचा आवाज बारीक, मिक्सर मीटिंग संपल्यावर, कुकरची शिट्टीसुद्धा विचारून. बाहेरच्यांना वाटतं, आज सून घरी आहे म्हणजे सासूबाईंना आराम. तेव्हा पाळणाघर लावायचंच असेल तर आधी याच दोन दिवसांसाठी लावा, बालवर्ग सुटल्यापासून पाचपर्यंत. सुनेलाही त्यात सुटका वाटेल. बंद दाराबाहेर आपलं पोर रडतंय आणि सासूबाई त्याला ओढून नेताहेत, हे ऐकत पडद्यासमोर हसऱ्या चेहऱ्याने बोलणं काही सुखाचं नसतं.

आता सांगायचं कसं. आधी हप्ता भरा, मग सांगा. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, सगळे टेबलाशी असताना. मुलाला एकट्याला गाठून सांगू नका. तो ते सुनेला सांगेल, त्याच्या तोंडून ते वेगळंच निघेल आणि तुमच्या घरात एक नवं प्रकरण उभं राहील. वाक्य साधं ठेवा: ‘एकादशी झाली की मी मंडळाबरोबर नर्मदा परिक्रमेला चालले आहे. अठरा दिवस. पैसे भरलेत. माझ्या मागे काय काय लागेल ते आज बसून लिहून काढू.’ एवढं बोलून थांबा. शेवटी ‘तुम्हाला चालणार असेल तर’ जोडू नका. गुडघे दुखतात, वय झालं, पुढे जमेल न जमेल, ही कारणंही नकोत. कारण दिलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो. मुलगा लगेच म्हणेल, ‘अगं, मग आपण सगळेच गाडी करून ओंकारेश्वरला जाऊ ना दोन दिवस!’ आणि त्या सहलीत नातवाला भरवायला तुम्हीच असाल.

सुनेचा चेहरा पडेल, तयारी ठेवा. तो तुमच्यावरचा राग समजू नका. ती त्या क्षणी मनात आपली रजा मोजत असते. अठरा दिवसांचा भार आपसूक तिच्याच अंगावर येणार हे तिला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. म्हणून इथे तुम्ही बोला. मुलाला सगळ्यांसमोर सांगा, की यातले चार दिवस तू रजा काढायचीस, आणि जमेल तेव्हा लवकरची गाडी पकडून घरी यायचंस. हे सुनेने सांगितलं तर भांडण होईल, आईने सांगितलं तर मुलगा फार तर मान खाजवेल. सासूने सुनेसाठी करण्यासारखं याहून मोठं काम मला तरी सुचत नाही. साडी-बिडी नंतर.

विहीणबाईंना बोलवायची टूम घरात नक्की निघेल. त्या कुठे असतात ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्यांना स्वतःला यावंसं वाटलं, तर चार-पाच दिवस जरूर येऊ द्या, नातवंडं त्यांचीही आहेतच. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि वयाची पंचाहत्तरी झाली असेल तर प्रवास फुकट. पण अठराच्या अठरा दिवस त्यांच्या गळ्यात घालू नका. एका आजीला रजा मिळावी म्हणून दुसरीला कामाला जुंपायचं, यात साधलं काय?

तुळशीच्या लग्नाची काळजी सोडा. ते पौर्णिमेपर्यंत कधीही लावता येतं. ऊस, चिंचा, आवळे, बोरं आजोबा बाजारातून आणतील, अंतरपाट मुलगा आणि सून धरतील, नऊ वर्षांची नात करवली होईल. मंगलाष्टकं मोबाइलवर लागतात, पण यजमानांनी म्हटलेली बरी. सूर कसाही असो. इतकी वर्षं ते लग्न तुम्ही एकटीने लावत आलात म्हणून बाकीच्यांना त्यातलं काही येत नाही. एकदा लावू द्या. नातीला तर ते आयुष्यभर लक्षात राहील, तुळशीला उलटी साडी नेसवली तरी.

आणि ताई, निघायच्या आधीचा आठवडा. मी तुम्हाला ओळखत नाही, पण या आठवड्यात तुम्ही काय कराल ते मला दिसतंय. भाजणी दळून आणाल. चिवडा, शंकरपाळे दिवाळीचे असतील तरी पुन्हा कराल. वाटणं करून फ्रीजमध्ये डब्या लावाल. अठरा दिवसांच्या भाज्यांचा कागद करून फ्रीजवर चिकटवाल, सोमवारी दुधी, मंगळवारी मटकी. असं करून अठरा दिवसांचं काम सात दिवसांत उरकाल, आणि बसमध्ये बसाल ती ताप घेऊन. यातलं काही करू नका. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा आणि व्हॅनवाल्याचा नंबर, गॅसचं पुस्तक कुठे आहे ते, एवढं एका कागदावर लिहा. बाकी त्यांचं ते बघतील. दोन दिवस बाहेरून मागवतील, तिसऱ्या दिवशी कंटाळून खिचडी टाकतील. मुलाला खिचडी येत नसेल, तर तो चाळिशीच्या आत शिकलेला बरा.

परिक्रमेचं म्हणाल तर मंडळाच्या प्रमुखांना काही गोष्टी आधीच विचारून घ्या. मुक्काम धर्मशाळांत असेल तर झोपायला पलंग मिळेल की जमिनीवर गादी. तुमच्या गुडघ्यांना जमिनीवरून उठणं सोपं नाही. शौचालय कमोडचं आहे का, हे विचारायला लाजू नका, तुमच्या वयाच्या सगळ्याच बायकांना तेच विचारायचं असतं आणि कोणी विचारत नाही. नर्मदा उजव्या हाताला ठेवून जायचं आणि मध्ये ती ओलांडायची नाही हा नियम बसवालेही पाळतात. त्यामुळे समुद्राकडच्या टोकाला बहुतेक यात्रा नावेतून पलीकडे जातात. तिथे चढउतार कशी आहे, भरतीसाठी किती ताटकळावं लागतं, ते नीट समजून घ्या. उगमापाशी अमरकंटक हजार मीटरहून उंच आहे, कार्तिकानंतर तिथे पहाटे चांगली थंडी असते. डोंबिवलीचा स्वेटर पुरायचा नाही, शाल आणि मोजे घ्या. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर वीस-बावीस दिवसांची बरोबर ठेवा, आणि निघण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवून या. पायी परिक्रमेला तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात असं परंपरा सांगते. घरात कोणी अठरा दिवसांवरून कुरकुर केली, तर हा आकडा त्यांना ऐकवायला हरकत नाही.

फोन दिवसातून एकदा, रात्री आरती झाल्यावर. नातवाशी बोला, नातीशी बोला. ‘काय जेवलात’ हा प्रश्न मोठ्यांना विचारू नका. उत्तर काहीही आलं तरी तुमचा जीव खालीवर होणार. नातू पहिले दोन दिवस फोनवर रडेल. तिसऱ्या दिवशी तो फोन घ्यायलाच येणार नाही, खेळत असेल, आणि त्याचं तुम्हाला जास्त वाईट वाटेल. ते वाईट वाटणं बसमधल्या बाकीच्या आज्यांबरोबर वाटून घ्या, सगळ्यांचं तेच चाललेलं असतं.

परत याल तेव्हा ओटा तुमच्यासारखा नसेल. मिसळणाचा डबा भलत्याच फळीवर असेल, मोहरीच्या वाटीत जिरं असेल. आल्या आल्या पदर खोचून आवरायला लागलात तर अठरा दिवसांत घराने जे शिकलं ते संध्याकाळपर्यंत पुसून जाईल. व्हॅन, बालवर्ग, पार्सलं यजमानांकडेच राहू देत. पोळ्यांची बाई राहू दे. दुपारचे दोन तास तुमचे, तेव्हा दार लावून झोपा, भजनाला जा, नाहीतर ते मसाजचं यंत्र एकदा लावून बघा. तुम्ही परत आलात याचा आनंद सगळ्यांना होईल आणि त्या आनंदात सगळं पुन्हा पहिल्यासारखं करून टाकायचा मोह सगळ्यात जास्त तुम्हालाच होईल.

म्हणून त्या रविवारच्या कागदावर आणखी एक गोष्ट लिहून घ्या: तुम्ही परतल्यावर दुसऱ्या दिवशी पाचला कोण उठणार, आणि पहिला चहा कोण टाकणार. नाव तिथल्या तिथे ठरवा, आणि ते तुमचं नको.